माती परीक्षणाचा अहवाल हातात आला, आता बागेत काय घालायचं?

माती परीक्षणाचा अहवाल मुळात शेतकऱ्यासाठी लिहिलेला असतो. आकडे किलो प्रति हेक्टरमध्ये, शिफारस ऊस-कांदा-सोयाबीनची, आणि आपल्याकडे बंगल्यामागे पाचशे चौरस फूट जागा. तिच्यात वांगी-टोमॅटोचे दोन वाफे, एक लिंबू, कढीपत्ता, मोगरा आणि पानं पिवळी पडलेला अनंत. त्यामुळे बरेच जण ‘नत्र कमी’ एवढंच वाचतात, कागद फायलीला लावतात आणि नर्सरीवाला देईल ते घेऊन येतात. खरं तर बागेत काय घालू नये, हे त्या कागदाइतकं नेमकं दुसरं कुणी सांगत नाही. पैसे वाचतात ते तिथेच.

समजण्यासाठी एक काल्पनिक अहवाल घेऊ. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात काळ्या मातीच्या घरगुती बागेत असे आकडे सहज दिसतात:

सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ८.२
विद्युत वाहकता (यावरूनच क्षारता कळते) ०.३६ डेसीसायमन प्रति मीटर
मुक्त चुनखडी ९ टक्के
सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के
उपलब्ध नत्र १८८, स्फुरद ४६, पालाश ५८० (किलो प्रति हेक्टर)
लोह ३.१, जस्त ०.४५, मंगल (मँगनीज) ६.४, तांबे २.१ (पीपीएम, म्हणजे दहा लाखांत इतके भाग)

कोकणातल्या वाचकांनी हा भाग वाचावा, पण लगेच तसं करू नये. तुमची माती बहुतेक बाबतींत याच्या उलट आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पायरी १ : नमुना भरवशाचा होता का?

अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नाही, आपल्याच परसात. बांधकामाच्या वेळी भिंतीलगत पडलेला सिमेंट-चुन्याचा राडारोडा वर्षानुवर्षं मातीत राहतो आणि तिथला सामू वाढवतो. म्हणून भिंतीपासून दोन-तीन फूट, खताचा खड्डा, झाडाचं खोड आणि नुकतंच खत घातलेली जागा सोडून नमुना घ्यायचा. वाफ्यांसाठी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटरचा खड्डा करून त्याच्या एका कडेची, वरपासून खालपर्यंतची चकती काढायची. अशा सात-आठ ठिकाणच्या चकत्या प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करायच्या. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. माती सावलीत वाळवायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजकं लोखंडी खुरपं, जस्ताची बादली आणि खताची जुनी पिशवी वापरू नये.

अंगणात बाहेरून आणलेली लाल माती आणि मूळची काळी माती अशा दोन्ही असतील तर दोन नमुने द्या. दोन्हींची सरासरी कुठल्याच वाफ्याला लागू पडत नाही.

तपासणी जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात होते. अर्जावर मुक्त चुनखडी आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं आवर्जून मागा. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता आणि कर्बासह बारा घटक असतात, पण चुनखडी त्या बारांत नाही. देशावरच्या मातीला तर तोच आकडा सगळ्यात जास्त बोलका.

पायरी २ : आधी सामू, क्षारता, चुनखडी

नत्र-स्फुरद-पालाशकडे धावायच्या आधी हे तीन आकडे वाचा. बाकीच्या आकड्यांचा अर्थ यांच्यावर ठरतो.

सामू ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक झाडं खूश. आपल्या नमुन्यात ८.२ आहे, म्हणजे माती अल्कधर्मी. क्षारता १ च्या खाली असली की काळजी नाही. १ ते २ मध्ये नाजूक बियाणं उगवायला त्रास होतो आणि त्याच्या वर पिकंच कुरकुरतात. आपली ०.३६ आहे, हा विषय इथेच संपला.

चुनखडी ९ टक्के. आता खरा मुद्दा येतो.

सामू जास्त दिसला की पहिला सल्ला मिळतो तो गंधक टाकण्याचा. गंधकाचं मातीतल्या जिवाणूंमुळे आम्ल होतं आणि सामू उतरतो, हे खरं आहे. पण ते आम्ल आधी चुनखडीशी भिडतं आणि चुनखडी संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. हिशेब करून बघा. एक चौरस मीटर जागेतल्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २०० किलो माती असते. तिच्यात ९ टक्के चुनखडी म्हणजे १८ किलो. शंभर भाग चुनखडी विरघळवायला साधारण ३२ भाग गंधक लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला जवळजवळ पावणेसहा किलो. पाचशे चौरस फुटांना अडीचशे किलोच्या वर! आणि एवढं टाकलं तरी पाणी बोअरचं, जड असेल तर त्यातले बायकार्बोनेट पुन्हा तेच काम सुरू करणार. मूठभर गंधक, ताक, लिंबाचं पाणी, चहाचा चोथा यांनी अशा मातीचा सामू उतरत नाही. चोथा कंपोस्टात घाला, तिथे तो उपयोगी पडतो.

दुसरा सल्ला जिप्समचा. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे. जिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेलं असतं तिथे त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. मग भरपूर पाणी देऊन ते सोडियम खाली वाहून न्यावं लागतं. सामू ८.५ च्या पुढे असेल, पाऊस पडून गेल्यावर वर कडक पापडी धरत असेल आणि पाणी मुरत नसेल तर चोपणाचा संशय घ्यायचा. घरी बघायचं असेल तर वाळलेल्या मातीचं वाटाण्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून नुसतं पसरलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरून तसाच राहिला तर सोडियमचं प्रमाण तपासून घ्या. आपल्या नमुन्यासारख्या चुनखडीच्या मातीत कॅल्शियम आधीच रग्गड आहे. तिथे जिप्समने सामू उतरत नाही.

अहवालात चुनखडीचा आकडाच नसेल तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे असं धरा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड यासाठी वापरू नका, व्हिनेगरने काम भागतं.

थोडक्यात, देशावरच्या चुनखडीच्या मातीत सामूशी भांडू नये, ती जशी आहे तशी पुढची गणितं मांडावीत.

पायरी ३ : सेंद्रिय कर्ब

हा आकडा मात्र तुमच्या हातात आहे. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा बहुधा सहा पायऱ्या वापरतात: ०.२० पर्यंत अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम, ०.८० पर्यंत थोडं जास्त, १ पर्यंत जास्त, त्यावर अत्यंत जास्त. पण ही वर्गवारी शेताची आहे. परसबागेला ०.४८ वर समाधान मानायचं कारण नाही, ०.८ ते १ कडे जाता येतं.

०.४८ वरून ०.८० म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६५० ग्रॅम कर्ब. तीन-चार किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात ढोबळमानाने एवढा कर्ब असतो. मग एका वर्षात काम झालं? नाही. आपल्या उन्हात त्यातला बराच भाग वर्षभरात कुजून हवेत जातो. म्हणून एकदाच ट्रॅक्टरभर ओतण्यापेक्षा दर वर्षी चौरस मीटरला दोन-तीन किलो शेणखत किंवा कंपोस्ट देणं आणि माती उघडी न ठेवणं जास्त फळतं. पालापाचोळा जाळू नका, वाफ्यांवर चार बोटं पसरा. रिकामा वाफा असेल तर मृगाच्या पावसावर ताग पेरा आणि सहा-सात आठवड्यांनी, फुलकळी दिसू लागली की, वाफसा बघून गाडून टाका. चिकट काळ्या मातीत पाय रुतत असताना कुदळ चालवली तर जेवढं कमावलं तेवढं घालवाल.

शेणखत कुजलेलंच हवं. हात घातला तर गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, काडी ओळखू येत नाही, इतकं कुजलेलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचं बी फुकट मिळतं.

पायरी ४ : नत्र, स्फुरद, पालाश बागेच्या मापात आणा

एक गोष्ट पाठ करून ठेवा: हेक्टरी १ किलो म्हणजे गुंठ्याला १० ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ०.१ ग्रॅम. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्यापेक्षा थोडं कमी.

नत्र १८८. वर्गवारी अशी: १४० पर्यंत अत्यंत कमी, २८० पर्यंत कमी, ४२० पर्यंत मध्यम. आपलं कमी. याने घाबरून जाऊ नका, महाराष्ट्रात बहुतेक अहवालांत नत्र कमीच येतं. ते पावसाबरोबर, उन्हाबरोबर बदलत राहतं, आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष न मोजता कर्बावरून काढलेलं असतं. या आकड्याला दिशादर्शक माना.

स्फुरद ४६. इथे ३५ च्या वर अत्यंत जास्त. दर वर्षी शेणखत, डीएपी, बोनमील पडत आलेल्या बागेत हे नेहमीचं आहे. (अहवालात आकडा स्फुरदाचा, म्हणजे P2O5 चा, आहे की नुसत्या फॉस्फरसचा, म्हणजे P चा, हे एकदा विचारून घ्या. फॉस्फरसला २.२९ ने गुणलं की स्फुरद येतं, त्यामुळे वर्ग बदलू शकतो.) स्फुरद जास्त झालं की झाडाला जस्त आणि लोह मिळायला अडचण येते. आपल्या नमुन्यात नेमकं तेच दोन कमी आहेत.

बोनमीलबद्दल थोडं रागाने लिहितो. गुलाबाला बोनमील घालायचा रिवाज पक्का आहे, आणि ८.२ सामूच्या मातीत त्याचा उपयोग जवळपास शून्य. हाडातलं किंवा खडकातलं स्फुरद विरघळायला आम्ल माती लागते. इथे ते तसंच पडून राहतं. स्फुरद खरोखर कमी असलं तर देशावर सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावं. त्यात १६ टक्के पाण्यात विरघळणारं स्फुरद आणि वर ११ टक्के गंधक मिळतं. आपल्या नमुन्याला तेही नको.

पालाश ५८०. तीनशेच्या वर अत्यंत जास्त, आणि काळ्या मातीत हे स्वाभाविक. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश नको आणि केळीच्या सालींचं पाणी तर नकोच. चुलीची किंवा होळीची राख तर दुहेरी नुकसान: पालाशही वाढवते आणि सामूही. अंड्याच्या टरफलांचंही तेच, ९ टक्के चुनखडीच्या मातीला आणखी चुना कशाला!

आता नत्राचा हिशेब. समजा तुमच्या भाजीपाल्याच्या पिकाला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. वर्ग ‘कमी’ आला की शिफारशीत पाव हिस्सा वाढवतात, ‘जास्त’ आला की पाव हिस्सा घटवतात. म्हणजे १२५ किलो, चौरस मीटरला १२.५ ग्रॅम. तीन किलो शेणखतात साधारण १५ ग्रॅम नत्र असतं, पण पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्साच हाताशी येतो, म्हणजे ५ ग्रॅम. उरले साडेसात. लिंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र धरलं तर १५० ग्रॅम पेंड, किंवा युरिया वापरायचाच असेल तर १६ ग्रॅम, तोही दोन-तीन हप्त्यांत, ओल्या मातीत मिसळून. युरिया वर भुरभुरून ठेवला तर अल्कधर्मी मातीत त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

पायरी ५ : लोह आणि जस्त

या चार आकड्यांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या सीमारेषा अशा: लोह ४.५, जस्त ०.६, मंगल २, तांबे ०.२ पीपीएम. याखाली असेल तर कमतरता. मंगल आणि तांबं आपल्याकडे पुरेसं आहे, म्हणून ‘सगळी सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र’ असलेलं पाकीट घेण्यात अर्थ नाही. लोह आणि जस्त एवढंच पाहू.

जस्ताचं सोपं आहे. झिंक सल्फेट हेक्टरी २० ते २५ किलो, म्हणजे चौरस मीटरला दोन-अडीच ग्रॅम. शेणखतात मिसळून आठवडाभर ठेवा आणि मग पसरा. स्फुरदाच्या खताबरोबर एकत्र करू नका. दर वर्षी देऊ नका, पुढचा अहवाल बघूनच ठरवा.

लोह अवघड आहे, कारण मातीत लोह नसतं असं नाही, झाडाला मिळेल अशा रूपात नसतं. फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीच्या मातीत ते थोड्याच दिवसांत निरुपयोगी रूपात जातं. दुकानात चिलेटेड लोह (मातीत लगेच अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) मागितलं तर बहुधा ईडीटीए प्रकारचं हातात ठेवतात. ८ च्या सामूला ते टिकत नाही. पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं हवं. महाग असतं, म्हणून सगळ्या बागेला न देता ज्या झाडाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, त्यांनाच द्यायचं: अनंत, एक्झोरा, लिंबू. नाहीतर फवारणी करा. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. द्रावण लगेच वापरा, तांबूस झालं की फेकून द्या. भिंत आणि फरशी झाका, डाग जात नाहीत.

पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला असेल तर तो लोहाचा नाही, बहुधा नत्राचा. आणि काळ्या मातीत पाणी साचून मुळं गुदमरली तरी नवी पानं पिवळी पडतात. पुडी आणण्याआधी पाणी कमी करून आठ-दहा दिवस बघा.

अहवालात बोरॉन असेल आणि ०.५ पीपीएमच्या खाली असेल तरी हात आखडता घ्या. हेक्टरी ५ किलो बोरॅक्स म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम! वाळूत किंवा पाण्यात मिसळल्याशिवाय ते सारखं पसरता येत नाही. कमतरता आणि विषबाधा यांच्यात फार अंतर नसतं.

तर आपल्या नमुन्याच्या ४६ चौरस मीटर बागेची खरेदी अशी झाली: शेणखत सुमारे १४० किलो, लिंबोळी पेंड ७ किलो, झिंक सल्फेट ११५ ग्रॅम, आणि दोन-तीन झाडांपुरतं ईडीडीएचए लोह. बस्स.

कोकणातली जांभ्याची माती

इथे सामू ५ ते ६.५, चुनखडी जवळपास नाही, लोह सीमारेषेच्या कित्येक पट वर. पावसाने चुना आणि पालाश धुऊन नेलेले असतात आणि स्फुरद घातलं तरी लोह-अ‍ॅल्युमिनियम त्याला धरून ठेवतं. त्यामुळे वर जे जे टाळायला सांगितलं त्यातलं बरंच इथे चालतं: राख, बोनमील, रॉक फॉस्फेट, अंड्याची टरफलं. आम्ल मातीत स्फुरद वेगळ्या पद्धतीने मोजतात, म्हणून कोकणातल्या दापोलीच्या अहवालातला स्फुरदाचा आकडा देशावरच्या राहुरीच्या आकड्याशी ताडून बघू नये.

सामू ५.५ च्या खाली असेल आणि भाजीपाला करायचा असेल तर चुना द्यावा लागतो. किती, हे नुसत्या सामूवरून ठरत नाही. भारी मातीला त्याच सामूला जास्त चुना लागतो. प्रयोगशाळेकडून ‘चुन्याची गरज’ काढून घ्या. ती मिळेपर्यंत चौरस मीटरला १००-१५० ग्रॅम दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट यापुढे जाऊ नका. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं. चुना पावसाळ्याच्या आधी मिसळा आणि शेणखत किंवा युरिया त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी द्या, एकत्र दिलं तर नत्र अमोनिया होऊन जातं. आंबा, काजू, अननसाच्या बुंध्याशी चुना ओतायची गरज नाही, त्यांना आम्ल माती मानवते. अनंत आणि एक्झोरालाही.

कुंड्यांचं काय?

कुंडीतल्या मिश्रणाला हेक्टरचे आकडे लागू पडत नाहीत. अर्धं कोकोपीट असलेल्या मिश्रणाचं वजनच मातीच्या निम्मं असतं, आणि कर्बाचा आकडा भलताच येतो. कुंडीसाठी फक्त सामू आणि क्षारता बघा. गच्चीवर क्षारताच जास्त सतावते: कडेला पांढरे थर, पानांची टोकं करपलेली. अशा वेळी खत बंद करा आणि कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम.

पुन्हा कधी तपासायचं?

दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत. एप्रिल-मे सगळ्यात सोयीचा, कारण वाफे रिकामे असतात आणि अहवाल पावसाआधी हातात येतो. कर्ब ०.४८ चा ०.५८ झाला तरी ती चांगली वाढ आहे. स्फुरद ४६ वरून फारसं उतरलं नसेल तर शेणखताचं माप दोन किलोवर आणा आणि उरलेली जागा पालापाचोळा, ताग यांनी भरून काढा. त्यांच्यात स्फुरद कमी असतं. प्रत्येक वाफ्यात काय, किती, कधी घातलं हे अहवालाच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवा.